सात नंबरची जागा

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. बस वरच्या वळणावर सोडून देते, तिथून उद्यानाच्या फाटकापर्यंत अर्धा तास जंगलातली उतरण. एका हातात बॅग, दुसऱ्या काखेत वळकटी आणि तोंडानं शीळ. घरी सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय की हा आठ दिवसांत परत येतो. वडील म्हणाले, ज्याला कॉलेज टिकवता आलं नाही तो नोकरी काय टिकवणार. बघू. ही वही भरेपर्यंत मी इथून हलत नाही. पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, म्हणजे नंतर पळवाट नको.

जागा झकास आहे. चहूबाजूंनी डोंगर, मधे दगडी कुंड. पाणी खडकाच्या फटीतून येतं, जळलेल्या काडीसारखा वास येतो त्याला. कुंडात उतरायला पाच पायऱ्या. पाण्याखाली कडेनं गोल दगडी बैठक, बारा माणसांची. प्रत्येक जागेचा आकडा वर काठावर कोरलेला. खिडकीत बसून पितळी टोकन द्यायचं, ते मनगटाला बांधून माणूस त्याच आकड्याच्या जागेवर बसतो. विसाव्या मिनिटाला शिट्टी. त्यापुढं कुणाला बसू द्यायचं नाही, गरम पाण्यानं भोवळ येते. टोकन परत घ्यायचं आणि फळीवरच्या हुकाला अडकवायचं. दिवसातून तीनदा पाण्यात थर्मामीटर सोडायचा. आज तिन्ही वेळा एकोणचाळीस.

हे सगळं मामांनी शिकवलं. इथं येणारा-जाणारा त्यांना मामाच म्हणतो. तीस वर्षं तीच खिडकी, तीच शिट्टी. त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली : सात नंबरचं टोकन कुणालाही द्यायचं नाही. मी विचारलं, का? म्हणाले, नाही द्यायचं म्हणून. असं बोलणाऱ्या माणसांशी माझं आजवर कधी जमलेलं नाही. पण पहिला दिवस होता, गप्प बसलो.

माझी खोली टोकनखिडकीच्या मागंच. लोखंडी खाट, एक खुंटी, एक खिडकी. खिडकीतून कुंड दिसतं. राजा आहे मी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मंगळवारी कुंड बंद. तळाचं लाकडी बूच काढून पाणी सोडून द्यायचं आणि बैठक घासायची. आठवड्याभरात दगडावर बोटभर शेवाळ चढतं. तारेच्या ब्रशनं घासघासून माझे खांदे निखळायची वेळ आली. सहा नंबर घासला, पुढं सरकलो, तर सातवर शेवाळच नाही. दगड गुळगुळीत, मधे थोडा खोलगट, रोज बसून बसून खुर्ची होते तसा. मामांना म्हटलं, तुम्ही गुपचूप बसता वाटतं इथं. ते हसले नाहीत. ब्रश उचलून आठ नंबरला लागले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

कॅन्टीनवाल्या काकूंनी माझं नाव भडकू ठेवलंय. कारण एका गिऱ्हाइकाशी माझी शिट्टीवरून वाजली. तो उठायला तयार नव्हता, मीही ऐकणारा नव्हतो. शिवाय चहा पिऊन मी कप तसाच टाकून जातो. काकू विचारतात, कप विसळायला हात झिजतात का रे, की घरी चार नोकर आहेत. उद्या विसळतो म्हणालो. हे रोजच म्हणतो.

आज कॉलेजातल्या तिची फार आठवण झाली. कधी नाही होत म्हणा. वर्गातला एक जण तिच्याबद्दल वाकडंतिकडं बोलला म्हणून मी त्याला लायब्ररीत सगळ्यांसमोर वाजवली. प्राचार्य म्हणाले, माफीच्या दोन ओळी लिही, प्रकरण मिटलं. मी तो कागद त्यांच्यासमोर फाडला. मला वाटलं होतं, ती खूश होईल. ती म्हणाली, दोन ओळींनी तुझं काय झिजलं असतं? तुझ्या नाकासाठी तू वर्ष घालवलंस, आता नाकाशीच संसार कर. त्यानंतर बोलणं बंद.

एकदा आम्ही सगळे नदीवर गेलो होतो. ती पाण्याला घाबरते. कुणी हात धरल्याशिवाय गुडघाभर पाण्यातही पाऊल टाकत नाही. मागं न बघता नुसता हात पुढं करते आणि थांबते. तो हात मी धरला होता. येताना मोटारसायकलचा तापलेला सायलेन्सर माझ्या डाव्या घोट्याला लागला, तिनं आपल्या बॅगेतली टूथपेस्ट काढून लावली. डाग अजून आहे, रुपयाएवढा. जाऊ नये म्हणून मी कधी औषध लावलं नाही.

तिला कार्ड टाकलं. नोकरी लागली, पत्ता खाली, येऊन बघ. बस. माफीबिफी नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज तोबा गर्दी. एक बारा जणांचं कुटुंब आलं, त्यांना एकदमच उतरायचं होतं. मामांनी अकरा टोकनं दिली. बारावा, त्यांचा जावई, तासभर टॉवेल खांद्यावर टाकून थंडीत उभा. त्याच्या डोळ्यांसमोर सात नंबरची जागा रिकामी. त्यानं मला विचारलं, मी मामांना विचारलं, मामा सगळ्यांदेखत माझ्यावर खेकसले की इथं डोकं चालवायला तुला ठेवलेलं नाही. कान तापले माझे. एका दगडाला तीस वर्षं घाबरतो हा माणूस, आणि मला शिकवतो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मामा डोळे तपासायला शहरात गेले. दुपारी चिटपाखरू नव्हतं. टोकन नंबर सात काढलं, बांधलं आणि जाऊन बसलो. काय होतं ते बघूच म्हटलं.

काही होत नाही. उलट अशी जागा सगळ्या कुंडात नाही. दगड पाठीला असा बसतो जणू माप घेऊन घडवलाय. एवढंच की बाकीचा दगड पाण्याइतकाच गरम असतो, हा जरा जास्त. कुणी नुकतंच उठून गेल्यावर खुर्ची असते तसा.

डोळा लागला. शिट्टीनं जाग आली. घड्याळात बरोबर वीस मिनिटं झाली होती. बाहेर येऊन बघतो तो कुणी नाही. शिट्टी खिळ्यालाच टांगलेली, पण तिचं तोंड ओलं होतं.

मी पायऱ्यांवरून वर आलो होतो. ओली पावलं मात्र सात नंबरच्या काठापासून थेट माझ्या खोलीपर्यंत गेली होती.

एखादा पाहुणा असेल. पुसून टाकली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मामांनी आल्या आल्या फळीवरच्या सात नंबरच्या टोकनची दोरी चाचपली. ओली होती. माझ्याकडं इतका वेळ बघत राहिले की शेवटी मीच म्हणालो, हो, बसलो होतो, काय करायचं ते करा. मला वाटलं ओरडतील. ते खाली बसले आणि सगळं सांगितलं.

त्यांच्या आधी इथं एक जण होता. तापट, माझ्यासारखाच. तो एकदा सात नंबरवर बसला. त्यानंतर दहा-अकरा दिवसांत एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. सगळ्यांशी गोड. कुंड घासायला मात्र पहिल्या पायरीवरसुद्धा उतरेना, पाण्याचा थेंब अंगावर आला की दचकायचा. केस सदा ओले असायचे. ज्या दिवशी ते वाळले, त्या दिवशी बॅग उचलून घरी गेला. वर्षभरानं त्याची आई आली आणि सात नंबरच्या काठाशी दिवसभर बसून राहिली. मामांना म्हणाली, घरी आलाय तो चांगला आहे हो, पण माझा नाही. माझा इथंच आहे.

मामा म्हणाले, पोरा, ती जागा आपण रिकामी ठेवत नाही. ती भरलेली आहे. तू बसलास म्हणून जो होता तो उठला. आता त्याचा डोळा तुझ्यावर, तुझं तोंड घेऊन जाईल. आजच्या बसनं नीघ. त्याचे केस वाळायच्या आत जितका लांब जाशील तितकं बरं.

मी म्हणालो, मी पळणाऱ्यांतला नाही. वडिलांना काय सांगू, भुतानं नोकरी घालवली? शिवाय ती येणार असेल तर?

थंडी मात्र वाजतेय. दोन स्वेटर घातलेत.

रविवार, १६ नोव्हेंबर

काकू आज म्हणाल्या, भडकू आता माणसात आला. कप विसळून पालथा घालतो, वर ताई म्हणतो मला. मी आज कॅन्टीनमध्ये गेलोच नव्हतो.

खोलीत आलो. खाटेवर पांघरूण घडी करून ठेवलेलं. कोपऱ्याला कोपरा जुळवून. मी जन्मात घडी घातलेली नाही. उशी मधोमध ओली.

मी ते पांघरूण विस्कटून टाकलं. मुद्दाम. ही खोली माझी आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

कुंड सोडलं. सात नंबरवर शेवाळ चढलंय. कोवळं, हिरवंगार. म्हणजे आता तिथं कुणी बसत नाही.

मामांनीही पाहिलं. ब्रश हातातच राहिला त्यांच्या.

तीन तास कोरड्या कुंडात होतो, तोवर बोटं निळी पडली. पाणी परत भरलं तेव्हा पाय घालून बसलो, मग कुठं दात वाजायचे थांबले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बसच्या ड्रायव्हरनं टपाल आणलं. तिचं पत्र.

तिचं अक्षर बघून उभ्या उभ्याच फोडलं, वाचलं. म्हणते, चार पानं वाचून रडले. तू माफी मागशील असं वाटलं नव्हतं. प्राचार्यांनाही लिहिलंस हे कळलं, ते तुला परत घेतील म्हणतात. अक्षरही किती सुधारलंय. किती शांत झालायस. रविवारी सकाळच्या बसनं येते, तुझं कुंड बघायला. मग तू म्हणतोस तसं, बरोबरच परत जाऊ.

चार पानं. मी एक ओळ लिहिली होती.

माझ्या नावानं माफी मागतो, माझ्या नावानं तिला रडवतो आणि तिच्याबरोबर परत जायचं ठरवतो. कोण लागून गेला तो? ज्या दोन ओळी मी प्राचार्यांना दिल्या नाहीत त्या यानं वाटत सुटावं?

भीती वाटतेय हे खरं आहे. पण आधी राग येतोय.

गुरुवार, २० नोव्हेंबर

इथं मोबाइलला रेंज नाही. ऑफिसातल्या फोनवरून तिला लावला. अंगात हुडहुडी, रिसीव्हर हातात राहीना. म्हणालो, येऊ नकोस. रविवारी येऊ नकोस, ते पत्र माझं नाही.

ती म्हणाली, आत्ता दहा मिनिटांपूर्वी तर बोललास.

मी ओरडलो. तो मी नव्हतो म्हणून ओरडलो, दोनदा, तीनदा. ती म्हणाली, मघाशी किती छान बोलत होतास. हे ओरडणं परत सुरू होणार असेल तर मला रविवारीच समोरासमोर बघू दे. आणि फोन ठेवला.

ओरडलो नसतो तर ऐकलं असतं तिनं. माझ्याच तोंडानं माझा घात केला. रिसीव्हर ठेवताना दिसलं, तो आधीपासूनच ओला होता.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मीच जातो म्हटलं. तिच्या दारात उभा राहतो. तीन स्वेटर घालून चढण चढलो. अर्ध्या वाटेत गुडघे आखडले. शेवटचं वळण रांगत गाठलं. बस आली. रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात केला.

ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता, पण त्याला दिसत होतं माझ्यामागचं झाड. बस थांबली नाही. बाजूला उडी मारली म्हणून वाचलो.

परत कसा आलो आठवत नाही. कपड्यांसकट पाण्यात पडलो, तेव्हा श्वास आला. बाकी कुठंच बसवत नाही. एक नंबर थंड, पाच थंड. सातवर ऊब.

मामा काठाशी आले. हाक मारली, मामा. त्यांनी नुसता थर्मामीटर सोडला, वाचला, गेले.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पाण्याबाहेर आता पाच मिनिटंसुद्धा निघत नाहीत. वही काठावर ठेवून लिहितोय, आकड्याच्या शेजारी. पेन चालतंय तोवर.

आज त्याला नीट पाहिलं. खिडकीत बसलेला. माझा निळा शर्ट, इस्त्री केलेला. सगळ्यांना टोकन देतो, हसतो. वयस्कर बायकांना अहो आजी, जपून म्हणतो. मामा त्याच्याशी बोलतात ते माझ्याशी बोलल्यासारखंच. काकूंनी त्याच्यासमोर चहा ठेवला. त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार.

मानेवरचे केस तेवढे ओले राहिलेत. उद्यापर्यंत वाळतील.

खाली मात्र येत नाही. एका लहानग्याची चप्पल पहिल्या पायरीवरून पाण्यात पडली. सगळे खिडकीतल्या त्याच्याकडं बघत होते. त्यानं झाडू आणला, लांबूनच ओढली. बोट भिजू दिलं नाही.

म्हणजे घाबरतो. पाण्याला घाबरतो. मामांचं खरं होतं. एक पाऊल इथं पडलं तर —

आणि ती हात धरल्याशिवाय उतरत नाही.

चार पानं लिहिलीस ना रे? हे तुला ठाऊक नाही. हे पत्रात लिहायचं नसतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

धुकं. कुणी नाही अजून.

उजव्या हातानं लिहायचं, डावा पाण्याखाली मोकळा. पहिल्या जागेपर्यंत बैठकीवरून सरकत गेलं की पायऱ्या हाताशी येतात. वही बरोबर घेतलीय, पायरीच्या कडेला आहे. थंडी सोसायची. थोडा वेळ. सोसतो.

ही वही तुझ्यासाठी. तुला सापडेल. अक्षर बघ, सुधारलेलं नाही, म्हणजे माझंच. तुझी माफी मागतो. कागद फाडला म्हणून नाही, तुझं ऐकून घेतलं नाही म्हणून. प्राचार्यांची अजूनही मागत नाही. झाल्या दोन ओळी. खरंच काही झिजलं नाही.

आली.

फाटकातून येतेय. तो पिवळा स्कार्फ. त्यानं पुढं जाऊन बॅग घेतली. केस कोरडे. नीट भांग. ती हसली. माझ्याकडं बघून अशी कधी —

असू दे.

खिडकीशी आहेत. तिनं विचारलं, सात का नाही. तो म्हणाला, ती राखीव आहे. आठ बांधलं तिला. दोरीची गाठ त्यानं बांधली. बांध. ये आता.

मामा खिडकीत. बघतायत. कुंडाकडं नाही, त्याच्या पायांकडं. मामा, तुम्हाला कळलं का —

ती पायऱ्यांशी. थांबली. माहीत होतंच मला.

मागं न बघता हात पुढं केला.

तो काठावर. म्हणतो, उतर, काही होत नाही, मी आहे. गोड आवाज. माझा आवाज.

ती हलत नाही. हात तसाच. शाब्बास. हलू नकोस. तो हात मी धरला होता, नदीवर, तो तेव्हा इथं दगडावर —

ती वळून बघतेय त्याच्याकडं. चेहरा बदलला तिचा. विचारते, काय रे, विसरलास?

त्याला घाम. नाहीतर केस परत ओले होतायत. ये ना. धर हात. नाहीतर सांग तिला कोण आहेस.

त्यानं चप्पल काढली. तिचा हात धरला.

डावा पाय. घोट्यावर डाग. माझा. पहिली पायरी कोरडी. दुसरी —

खूप थंडी — बोटं — थांब —

पाणी लागलं त्याला. आला हातात. गरम आहे, माझी ऊब आहे ही — तू वर जा, मामांकडं जा, हात सोड त्याचा — धरलाय मी, घोट्याला, डागावर अंगठा — ओढतोय — ओढ किती ओढतोस ते, मी सोडत ना